शिकवता न आलेली शिक्षिका



सुट्टीच्या दिवसांत घरभेटींना गेलो की एक दृश्य आता पुष्कळ घरांत दिसते. परदेशातून मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन आलेले असतात. नातू कोचावर, आजी समोरच्या खुर्चीत. नातवाला मराठी येत नाही आणि आजीला इंग्रजी. पहिल्या दिवशी ती त्याला खायला घालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा खायला घालते, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला बाजूला घेऊन म्हणते, "फादर, ह्या पोराला मी काय देणार?"

अशा वेळी आम्हाला संत रोझ फिलिपिन ड्यूशेन आठवतात. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. त्या फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरच्या. जन्म १७६९ चा. त्या लहान असताना अमेरिकेत काम केलेले एक येशूसंघीय धर्मगुरू तिथल्या आदिवासींच्या हकिगती सांगत. त्या ऐकून मुलीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : त्या मुलांकडे आपण जायचे. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांचा मठ बंद झाला, तेव्हा त्यांनी कैद्यांची सेवा केली, रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून शिकवले. पुढे १८०४ साली संत मादलेन सोफी बारा यांच्या पवित्र हृदयाच्या संस्थेत त्या दाखल झाल्या. पण ओढ अमेरिकेची ती अमेरिकेचीच. १८०६ च्या पवित्र गुरुवारी त्या रात्रभर आराधनेत बसल्या आणि नंतर आपल्या वरिष्ठांना त्यांनी कळवले की, ती सारी रात्र आपण मनाने त्या नव्या भूमीवरच होतो.

परवानगी मिळायला आणखी बारा वर्षे गेली. १८१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चार भगिनींसह त्या जहाजात बसल्या आणि २९ मे रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ किनाऱ्याला लागल्या. तो दिवस पवित्र हृदयाच्या सणाचा होता. त्यांना वाटले, आता आपली मुले भेटणार. पण बिशपांनी पाठवले मिझुरी नदीकाठच्या सेंट चार्ल्स गावी, वसाहतीतल्या मुलींसाठी शाळा काढायला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लाकडी ओंडक्यांच्या घरात ती शाळा सुरू झाली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची ही पहिली विनामूल्य शाळा मानतात. थंडी अशी की शेगडीजवळ वाळत घातलेले कपडेही गोठून जात. पुढे फ्लोरिसंट येथे १८२५ साली आदिवासी मुलींसाठी एक लहान शाळा निघाली, पण ती काही वर्षांतच बंद पडली.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. त्या काळी अमेरिकेतील त्या संस्थेच्या घरांत गुलाम राबत होते, आणि गोऱ्या मुलींच्या वर्गात काळ्या मुलींना जागा नव्हती. संस्थेने अलीकडे हे उघडपणे कबूल केले आहे. संतांच्या डोळ्यांनाही आपल्या काळाचे झापड असते. हे लपवून केलेली स्तुती आम्हाला नको वाटते.

शेवटी १८४१ साल उजाडले. आजच्या कॅन्सस राज्यात शुगर क्रीक येथे पोटावाटोमी आदिवासींची वस्ती होती. येशूसंघीयांना तिथे शाळेसाठी भगिनी हव्या होत्या. मदर ड्यूशेन तेव्हा बहात्तरीला टेकल्या होत्या, शरीर पार थकलेले. त्यांना कशाला न्यायचे, असेच कुणीही म्हटले असते. पण फादर फर्हेगन हटून बसले. चालता येत नसेल तर खांद्यावरून नेऊ, काम झाले नाही तरी त्या प्रार्थना करतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आपला शब्द खरा केला.

ती मुले कोण होती, हे ध्यानात घ्या. तीनच वर्षांपूर्वी, १८३८ च्या सप्टेंबरमध्ये, ह्या लोकांना सैनिकांनी बंदुकीच्या धाकाने इंडियाना राज्यातून हाकलले होते. आठशेहून अधिक माणसे दोन महिने चालत होती. सुमारे हजार किलोमीटरची वाट. चाळीसहून अधिक जण वाटेत दगावले आणि त्यांत बहुतेक लहान मुले. फादर बेंजामिन पेटी हे तरुण धर्मगुरू त्यांच्याबरोबर चालले आणि परतताना सेंट लुईसला वारले. त्या वाटेला आजही 'मृत्यूची वाट' म्हणतात. शाळेत येणाऱ्या सातआठ वर्षांच्या मुलीने ती वाट आपल्या पायांनी तुडवलेली असू शकत होती.

आणि ह्या मुलांपुढे मदर ड्यूशेन येऊन बसल्या, तर त्यांना भाषाच येईना! पोटावाटोमी भाषेशी त्यांनी खूप झटापट केली, पण ती जिभेवर बसली नाही. तेवीस वर्षे अमेरिकेत राहून त्यांना इंग्रजीही धड जमली नव्हती. शाळा चालवली ती मदर ल्युसिल माथेव्हन आणि इतर भगिनींनी. मदर ल्युसिल यांनी भाषा शिकून घेतली, मुलींना अक्षरे दिली, घरकाम शिकवले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नुसत्या प्रेमाने कुणाला वाचता येत नाही. त्यासाठी रोज फळ्यापाशी उभे राहावेच लागते.

मग बहात्तर वर्षांच्या ह्या शिक्षिकेने काय केले? आजाऱ्यांजवळ जाऊन त्या बसत, आणि उरलेला वेळ देवळात गुडघ्यांवर. तासन्‌तास. मुलांना ह्याचे मोठे नवल. एकदा एक मूल म्हणे पावलांचा आवाज न करता मागून गेले आणि त्यांच्या झग्याच्या घोळावर कागदाचे कपटे ठेवून आले. काही तासांनी येऊन पाहते, तर कपटे जिथल्या तिथे. त्या हललेल्याच नव्हत्या. ही कथा कुणी कागदाची सांगतात, कुणी मक्याच्या दाण्यांची. काही असो, मुलांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पास केले. लोकांनी त्यांना नावच दिले, 'सदैव प्रार्थना करणारी स्त्री'.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना हटकतात, येशू रागावतो आणि मुलांना जवळ घेतो. हा भाग आपण पुष्कळदा ऐकला आहे. आज घरी गेल्यावर तो नीट वाचा. त्या मुलांना प्रभूने काही शिकवल्याचे तिथे लिहिलेले नाही. जे शिकवले ते मोठ्यांना. मुलांना त्याने कवेत घेतले, डोक्यावर हात ठेवला, बस्स. शुगर क्रीकच्या मुलांनी आजवर परकी माणसे पाहिली होती ती बहुतेक काहीतरी घ्यायला आलेली : जमीन, घर, सही. ही म्हातारी त्यांच्याकडून काही मागत नव्हती आणि कुठे निघूनही जात नव्हती.

अर्थात तिला जावे लागलेच. एका वर्षात तब्येत इतकी ढासळली की १८४२ साली वरिष्ठांनी त्यांना सेंट चार्ल्सला परत बोलावले. आयुष्यभर ज्या मुलांची वाट पाहिली, त्यांच्या वाट्याला आले एक वर्ष. परत आल्यावर त्यांचे मन तिथेच घोटाळत राहिले. पुन्हा जाऊ द्या, म्हणून त्या विनवत राहिल्या. प्रार्थनालयाजवळ जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत त्यांनी पुढची दहा वर्षे काढली आणि १८ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्या प्रभूघरी गेल्या. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले.

त्या आजीला आम्ही ही सगळी हकिगत सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली, मग विचारले, "आणि ते कपटे ठेवणारे पोर? ते पुढे बोलायला लागले का तिच्याशी?" ह्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ती उठली आणि जपमाळ घेऊन नातवाच्या शेजारी, कोचावर, जाऊन बसली.

१८ नोव्हेंबर हा संत फिलिपिन यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सकाळच्या मिस्सात आपल्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षिकांसाठी, आणि परक्या देशात परक्यांची मुले शिकवणाऱ्या आपल्या लेकीसुनांसाठी प्रार्थना होईल. त्यांची नावे घरच्यांनी आदल्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत.