रिकामपणाची किंमत

आपल्या भाषेने रिकामपणाला कधी चांगले म्हटलेले नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, आणि रिकामे मन सैतानाचे घर होते, असे आपण पोरांना बजावतो. माझा तर हा धंदाच आहे. खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला भानावर आणण्यासाठीच मास्तराला पगार मिळतो! तरीही चीनमधील चेंगडू शहराविषयी वाचताना एक शंका मनात घर करून बसली : विसावा हा माणसाचा हक्क आहे, श्रमांची मजुरी आहे, की नुसताच चोरलेला वेळ?

सिचुआन प्रांताचे हे मुख्य शहर चहाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लोकउद्यानात १९२३ साली निघालेले ‘हेमिंग’ हे दुकान आजही भरलेले असते. बांबूच्या खुर्च्या, आणि झाकण, पेला व बशी असा चहाचा सरंजाम. पत्ती एकदाच घालायची, आणि तिच्यावर गरम पाणी ओतवून घेत अर्धा दिवस बसायचे. झाकण बशीला टेकवून ठेवले, की पाणी हवे हे वाढप्याने ओळखावे. कोणी वर्तमानपत्र वाचतो, कोणी माहजाँगच्या सोंगट्या खळखळवतो. मधूनच चिमट्याचा नाद करीत कान कोरणारा हिंडतो. त्याच उद्यानात आईबाप आपल्या उपवर मुलामुलींचे वय, शिक्षण आणि पगार कागदावर लिहून मांडतात. तेवढ्यांना मात्र विसावा नाही!

याला आळस म्हणावे काय? त्यासाठी शहराच्या वायव्येस दुजियांगयान येथे जायला हवे. इ. स. पूर्व २५६च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने तेथे मिन नदीचे पाणी वळविले. धरण बांधले नाही. माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाह दुभागला, आणि डोंगर फोडून एक फाटा शेतांकडे नेला. चेंगडूचे मैदान पिकू लागले, आणि ते पाणी आजही वाहते आहे. परंतु नदी गाळ आणतेच. म्हणून पूर्वी दर हिवाळ्यात फाटा अडवून तळ उपसीत. किती खोल खणायचे? तर तळाशी पुरलेल्या लोखंडी कांबी दिसेपर्यंत! वसंतात पाणी सोडले, की उत्सव होई.

चहाच्या पेल्यातला निवांतपणा असा गाळ उपसणाऱ्यांच्या हातून आला आहे. तेव्हा विसावा हा एकट्याने कमावलेला पैसा नव्हे. ती सामाईक विहीर आहे. तिच्यावर सर्वांचा हक्क आहे, आणि म्हणूनच ती उपसण्याची पाळीही सर्वांची आहे. बसलेला माणूस दोषी नाही. दोषी तो, जो नेहमी स्वतःच बसतो आणि पाणी ओतणाऱ्याला कधी खुर्ची देत नाही.

याच शहरात दु फू हा कवी बंडाळीला आणि उपासमारीला कंटाळून ७५९च्या अखेरीस आला. पुढल्या वर्षी त्याने गवताने शाकारलेली झोपडी बांधली. त्या जागी आज लोक हौसेने फिरायला जातात. वादळाने छप्पर उडाले, अंथरूण भिजले, तेव्हा त्याने कवितेत घर मागितले ते साऱ्या गरीब विद्वानांसाठी. ते मिळाले तर आपण गारठून मेलो तरी चालेल, असे त्याने लिहिले. इतके औदार्य आपल्याला झेपणार नाही. पण स्वतःच्या निवाऱ्याचा विचार करताना दुसऱ्याचा आठवावा, इतके तरी झेपावे.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत हा अंक घेऊन तुम्ही निवांत बसला असाल. खुशाल बसा! फक्त स्वयंपाकघरातून चकल्यांचा वास येत असेल, तर थोड्या वेळाने आत जा. अंक तिच्या हाती द्या आणि झारा आपण घ्या. चकल्या थोड्या करपतील; पण तिलाही चार पाने वाचायला मिळतील.