गिलान-सेवा आणि आपले वृद्ध मातापिता



पाली भाषेत आजाऱ्याला ‘गिलान’ म्हणतात. विनयपिटकाच्या महावग्गात एका गिलान भिक्खूची हकीकत आहे. हगवणीने तो आपल्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजविले. आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय, हे संघाला समजावून दिले.

आपण दीक्षा घेतली, देव्हारे काढले, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. परंतु त्या तसबिरीखाली बसलेल्या म्हातारीची रक्तदाबाची गोळी वीस तारखेला संपते आणि पुढचे दहा दिवस ती तशीच काढते, हे आपण पाहतो काय? “मला बरं वाटतंय, कशाला पैसे घालवता?” असे ती म्हणते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असे नव्हे. गोळी तुटली की तो पुन्हा चढतो आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायू घेऊन येतो. अशा वेळी पूर्वजन्मीचे भोग म्हणणे किंवा अंगारा आणणे बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात बसत नाही.

आपल्या धरमतरशी निगडित एक गोष्ट ध्यानात घ्या. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाताना बाबासाहेबांनी धरमतरची वाट सोडली आणि ‘पद्मावती’ बोटीने ते दूरच्या दासगाव बंदराला गेले. का? धरमतरला मोटारमालकांनी बहिष्कार घातला असता तर वाट तिथेच खुंटली असती. दासगावहून महाड पायी गाठता येत होते. दुसऱ्याच्या मर्जीवर अडणार नाही अशी वाट आधीच शोधून ठेवावी, हा त्यातला बोध आहे. गोळी जन्मभराची असते. तिचीही अशीच वाट हवी.

पहिली वाट सरकारी रुग्णालयाची. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. पेणचे उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र त्यात येतात. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा, म्हणजे तिथला साठा संपलेला असला तरी हाताशी वेळ राहील.

दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. ही योजना 2008 साली सुरू झाली. मोठ्या कंपनीच्या नावाने विकतात तेच मूळ औषध तिथे 50 ते 80 टक्के स्वस्त मिळते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्यास सांगा आणि बदललेली गोळी त्यांना दाखवून घ्या.

70 वर्षांवरील वृद्धांसाठी 2024 साली आलेले पाच लाखांचे आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. ते काढा, पण त्यावर विसंबू नका. घरात 65 वर्षांवरचे कुणी असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये मिळू शकतात. तहसील कचेरीत अर्ज करा.

औषध आणले म्हणजे काम संपले नाही. सेवा करणाऱ्याला औषधाची व पथ्याची जाण हवी आणि आजाऱ्याने औषध घ्यावे, दुखणे आहे तसे सांगावे, हेही महावग्गात आहे. तेव्हा घरात एकाने जबाबदारी उचलावी. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. कधी नावे दोन आणि औषध एकच असते, मग ते दुप्पट पोटात जाते. अक्षर न येणाऱ्या आजीसाठी सकाळच्या डबीवर सूर्य काढा, रात्रीच्या डबीवर चंद्र. पैसे वाचवायला गोळी अर्धी करू नये आणि शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. आजी-आजोबांनीही चुकलेली गोळी लपवू नये.

ज्यांना मुलेबाळे नाहीत त्यांचे काय? पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर विचारा, कुणाच्या गोळ्या संपत आल्या? मग वस्तीतल्या एका तरुणाने चार म्हाताऱ्यांना एकाच मिनीडोरमध्ये बसवून पेणला न्यावे. चीवर, अन्न, निवारा आणि औषध या भिक्खूच्या चार गरजा तथागतांनी मानल्या. त्यातली चौथी आपल्या आईबापांना चुकू नये, एवढे आपल्या हाती आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!