साबुदाणा, इन्सुलिन आणि कर्मविपाक

२००७ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये छापून आलेल्या एका निष्कर्षानं आहारावर श्रद्धा ठेवणाऱ्या पुष्कळांचा हिरमोड केला. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या ३,०८८ बायकांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचाच सल्ला होता : फळं-भाज्या खात जा. दुसऱ्या गटाचा नेम कडक. रोज भाज्यांचे पाच हिस्से, वर अर्धा लिटरच्या आसपास भाज्यांचा रस, तीन फळं, भरपूर चोथा, आणि तेलतुपावर काटेकोर मर्यादा. फोनवरून समुपदेशन होतं, स्वयंपाकाचे वर्गही होते. बायकांनी नेम पाळला. रक्तात वाढलेलं कॅरोटिनॉइडचं प्रमाण त्याची साक्ष देत होतं. सरासरी ७.३ वर्षांनी मोजदाद झाली. नेम पाळणाऱ्या गटात १६.७ टक्के बायकांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात १६.९ टक्के. मृत्यूंचं प्रमाणही जवळपास तेच, १०.१ आणि १०.३.

वैद्यकाला अशा उत्तराची सवय असते. चाचणी झाली, फरक पडला नाही, पुढचा प्रश्न घ्या. पण जिनं सात वर्षं निष्ठेनं गाजराचा रस प्यायला आणि तरी गाठ परत आली, तिच्यापुढे उभा राहणारा प्रश्न आहारशास्त्राचा नाहीच. माझं काय चुकलं, असं ती विचारते. आणि तिनं नाही विचारलं, तर विचारायला नातेवाईक असतातच.

हा प्रश्न फार जुना आहे. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं जातं, अंगभर फोड उठतात, आणि मित्र भेटायला येऊन त्यालाच पटवू लागतात की पाप केल्याशिवाय असं होत नाही. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. आपल्याकडे कर्मविपाकाच्या ग्रंथांत कोणत्या पापाला कोणता रोग याच्या याद्याच दिल्या आहेत, प्रायश्चित्तांसकट. अमेरिकेनं ही यादी स्वयंपाकघरात आणली. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकात मांस, मद्य आणि पांढऱ्या पावाविरुद्ध व्याख्यानं देत फिरला; ग्रॅहॅम बिस्किटाला नाव त्याचंच. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथात वाढलेल्या जॉन हार्वे केलॉगनं पोट साफ आणि मन शुद्ध ही एकाच साधनेची दोन अंगं मानली. या शिकवणीमागचा धर्म मागे पडला, पण त्याची भाषा टिकून आहे. अमेरिकी दुकानात एखादा पदार्थ ‘क्लीन’ असतो आणि दुसरा ‘गिल्टी’, तेव्हा पाप-पुण्याचं खातं कोणी उघडलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नव्या यादीतलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे साखर. ‘साखर कॅन्सरला पोसते’ हे वाक्य न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरातही ऐकू येतं. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते चिवट. कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखं उचलतात हे ओटो वारबुर्गनं १९२०च्या दशकात दाखवलं, आणि त्याच अधाशीपणावर पेट स्कॅन चालतं : किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचायचं आणि ते कुठे साठतं ते पाहायचं. पण रक्तातलं ग्लुकोज काही थेट ताटातून गाठीत जात नाही. खाल्लं नाही तर यकृत ते तयार करतं, कारण मेंदूलाही ते लागतंच. खरी काळजीची वाट आडवळणाची आहे. वाढलेलं वजन, पोटाभोवतीची चरबी, पेशींकडून दाद न मिळाल्यामुळे चढत राहिलेलं इन्सुलिन. शिवाय पाळी गेल्यानंतर चरबीच्या पेशींतच तयार होणारं इस्ट्रोजेन. टोरांटोच्या पॅमेला गुडविन यांनी २००२ साली ५१२ बायकांच्या अभ्यासात दाखवलं की उपाशीपोटीचं इन्सुलिन सर्वांत जास्त असलेल्या गटात आजार दूरवर पसरण्याचा धोका सर्वांत कमी इन्सुलिनवाल्या गटाच्या दुप्पट होता. मग इन्सुलिन उतरवलं की झालं? त्याच गुडविन यांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध देऊन ३,६४९ रुग्णांवर चाचणी घेतली. मधुमेह नसलेल्यांच्या या गटात पाच वर्षांच्या गोळ्यांनी आजार परतण्यात फरक पडला नाही. २०२२ साली हा निकाल आला. कार्यकारणाची साखळी कागदावर सरळ दिसली, तरी शरीर ती तशी पाळेलच असं नाही.

याचा अर्थ रक्तातल्या शुगरकडे दुर्लक्ष करावं असा मात्र मुळीच नाही. सॅन दिएगोच्या चाचणीतल्या त्याच बायकांचे रक्तनमुने पुढे तपासले तेव्हा ज्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या सरासरी शुगरचं माप, ७ टक्के किंवा त्याहून जास्त होतं, त्यांचा कोणत्याही कारणानं मृत्यू होण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. कर्करोगातून वाचलेल्या बाईला हृदय आणि मूत्रपिंडंही असतात, हे फॉलो-अपच्या गडबडीत विसरलं जातं. भारतीय वंशाच्यांना तर मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं २०१५ साली आशियाई अमेरिकनांच्या तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा २५वरून २३वर आणली. आणि केमोबरोबर दिलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तर एकही मोदक न खाता शुगर चढवून दाखवतं. अशा वेळी ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न क्रूर ठरतो.

इथे चरकसंहिता अनपेक्षितपणे मदतीला येते. चरक ‘प्रज्ञापराध’ मानतो, म्हणजे बुद्धी, धैर्य किंवा स्मृती ढळल्यामुळे घडणारं आणि रोगाला कारण होणारं चुकीचं वागणं. दोष रोग्यावर टाकणाऱ्यांना हे प्रकरण फार आवडतं. पण विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला, अडचणीत टाकणारा प्रश्न विचारतो : ज्यांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, अशी माणसं एकाच वेळी एकाच रोगानं का मरतात? आत्रेयाचं उत्तर आहे की वायू, पाणी, भूमी आणि काळ हे सगळ्यांना सामाईक असतात. त्याच अध्यायात दैव आणि पुरुषकार यांचा वाद येतो आणि आत्रेय दोघांनाही जागा देतो. आयुष्य फक्त ठरलेलंच असतं तर औषधाला काही कामच उरलं नसतं. साथीच्या रोगांसाठी मांडलेला हा विचार कर्करोगाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण माणसाच्या हातात थोडं आहे आणि बरंच नाही, ही त्याची मांडणी आजच्या आकड्यांशी विसंगत नाही. स्तनाच्या कर्करोगाची सर्वांत मोठी कारणं स्त्री असणं आणि वय वाढणं हीच आहेत. पाच ते दहा टक्के रुग्णांत जनुकांचा वारसा असतो. यातलं कोणतंही ताटात वाढलेलं नसतं.

ऑड्री लॉर्ड या अमेरिकी कवयित्रीचा स्तन १९७८ साली काढला गेला. ‘द कॅन्सर जर्नल्स’ या १९८०च्या पुस्तकात ती एका डॉक्टरच्या पत्रावर तुटून पडते. खरोखर सुखी माणसाला कॅन्सर होतच नाही, असं त्यानं लिहिलं होतं. सुखाचा शोध घ्या म्हणणं सोपं, स्वच्छ हवा आणि निरोगी अन्न मागणं अवघड, हे तिचं म्हणणं. आहार तिला महत्त्वाचा वाटतच होता. फक्त त्याची जबाबदारी तिनं बाजारावर आणि सरकारवरही टाकली.

मग उपासाचं काय? सॅन दिएगोच्या त्याच चाचणीच्या माहितीवरून २०१६ साली कॅथरिन मॅरिनॅक आणि रूथ पॅटरसन यांनी मांडलं की रात्रीचं उपाशी राहणं १३ तासांपेक्षा कमी असलेल्या बायकांत आजार उलटण्याचा धोका ३६ टक्क्यांनी जास्त दिसला. मृत्यूंच्या बाबतीत मात्र असा ठोस फरक सापडला नाही, आणि हे निरीक्षण होतं, चाचणी नव्हे. तरी ‘बघा, जैनांचं सूर्यास्तापूर्वीचं जेवण!’ म्हणायचा मोह होतोच. तो आवरावा. कारण त्याच न्यायानं आपल्या एकादशीचं मोजमाप केलं तर शरमायची वेळ येईल : खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, जोडीला बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही आहारतज्ज्ञानं रचलेली नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या बाईनं डॉक्टरला न विचारता निर्जळी केली, तर शुगर एकदम खाली येऊन ती कोसळू शकते. धर्मशास्त्राला अशी अडचण ठाऊक आहे. आजारी आणि अशक्त माणसाला उपासातून सूट आहे. दूध, फळं, एकभुक्त असे उतरते पर्याय आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. इतकंच काय, ज्याला झेपत नाही त्याच्या वतीनं घरातल्या दुसऱ्यानं, मुलानं किंवा जोडीदारानं, उपास करण्याचीही सोय आहे. अमेरिकेतल्या मराठी नवऱ्यांनी हा नियम अजून फारसा वाचलेला दिसत नाही.