जेवलास का?



नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा महिना. १४ नोव्हेंबर हा सिंधुताई सपकाळ यांचा जन्मदिवस. ४ जानेवारी २०२२ रोजी माई पुण्यात निवर्तल्या, पण त्यांनी मुलींसाठी वसतिगृह उभारले ते आपल्या चिखलदऱ्यात.

लहानपणी त्यांना ‘चिंधी’ म्हणत. गरोदरपणी नवऱ्याने हाकलले. गोठ्यात लेक जन्मली. अनाथ लेकरांत दुजाभाव नको म्हणून पुढे त्यांनी पोटची लेकही दुसऱ्या संस्थेत ठेवली. म्हातारपणी परतलेल्या नवऱ्याला मात्र आश्रय दिला, तो लेकरू म्हणून. क्षमा केली, पण घाव विसरून नव्हे.

माई आपल्या धर्मग्रामातल्या नव्हत्या. शुभवर्तमानातला दयाळू शोमरोनी तरी कुठे ‘आपल्यातला’ होता?

गोंधळलेल्याला सल्ला देणे, दुःखिताचे सांत्वन करणे ही दयेची कृत्ये ख्रिस्तसभा आपल्याला शिकवते. त्यांना पदवी लागत नाही, कान लागतात. नापास झालेले पोर उंबऱ्यावर घुटमळते, तेव्हा आपण आधी काय विचारतो? “मार्क किती?” की “जेवलास का?”

आजच्या मिस्सामध्ये आम्ही माईंसाठी प्रार्थना करू. घरी गेल्यावर आपल्या लेकराजवळ घटकाभर बसू या.

प्रभू मृतांना चिरशांती देवो. आमेन.