मुद्रा आणि हात

संग्रहाच्या छंदांत रसिकता किती आणि स्वामित्वाचा मोह किती, हा प्रश्न जुना आहे. मेक्सिकोंतील जुन्या रौप्यालंकारांच्या संग्राहकांकडे पाहिलें म्हणजे त्याच्याच पोटांतला दुसरा प्रश्न आम्हांस दिसूं लागतो: आपण संग्रह करतों तो कलेचा कीं नांवाचा?

या अलंकारांचें माहेरघर म्हणजे गेरेरो प्रांतांतील तास्को हें डोंगराळ गांव. तेथील चांदीच्या खाणी स्पॅनिश अमदानीपासूनच्या. परंतु अलंकारांची ही कीर्ति अलीकडची. १९३१ सालीं विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन वास्तुविशारदानें तेथें कारखाना काढला, इग्वाला गांवाहून आर्तेमियो नाव्हारेते हा सोनार आणविला आणि स्पॅनिश लोक येण्यापूर्वींच्या शिल्पांतील आकृति चांदींत उतरविल्या. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतून मागणी वाढली, तेव्हां तेथें शेंकडों कारागीर राबत होते. पण दागिन्याच्या पाठीवर मुद्रा उमटे ती स्प्रॅटलिंगच्या आद्याक्षरांची.

मुद्रा निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ९२५ हा अंक हजार भागांत शुद्ध चांदी किती तें सांगतो. १९४८ च्या सुमारास सुरू झालेल्या सरकारी गरुडमुद्रेवरून दागिन्याचा काळ अजमावतां येतो. लबाडीच्या बाजारांत ही साक्ष मोलाची खरी. मात्र साक्षीदारालाच देव मानण्याचें कारण नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कल्पना ज्याची त्याचीच कृति. हात केवळ आज्ञाधारक. हें आम्हांस पटत नाहीं. कागदावरची रेषा चांदी जशीच्या तशी मानीत नाहीं. पत्रा किती तापवावा, हातोडीचा घाव कोठें थांबवावा, याचा निर्णय हातच करतो. शिवाय आंतोनियो कास्तियो व आंतोनियो पिनेदा हे स्प्रॅटलिंगच्याच हाताखालीं शिकलेले. त्यांनीं स्वतंत्र कारखाने काढले म्हणून त्यांचीं नांवें आज संग्राहकांच्या तोंडीं आहेत. ते जन्मभर पहिल्याच कारखान्यांत राहते, तर हात तेच असते. नांव मात्र कोणी घेतलें नसतें. असे मागेंच राहिलेले हात किती असतील!

म्हणून दागिना उलटून मुद्रा अवश्य वाचावी. पण आधीं तो सुलटा पाहावा, हातांत तोलावा, त्याच्या वळणावरून बोट फिरवावें. मुद्रा नाहीं एवढ्याच कारणानें सुंदर दागिना पोरका ठरवूं नये. नांवाची किंमत बाजार ठरवितो. निनांवी हाताचें ऋण मानावयाचें कीं नाहीं, हें संग्राहकाच्या सदसद्विवेकालाच ठरवावें लागतें.