भिंतींतील तुटलेली तार

अंधार जेथें दिसतो तेथेंच दोष असला पाहिजे, अशी मनुष्याची सहज समजूत असते. या समजुतीपायीं आमच्या हातून नुकताच एक अन्याय घडला. दोष शोधणें आणि दोष देणें या दोन क्रिया किती भिन्न आहेत, हें त्यांतून आम्हांस कळलें. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या माजघरांतील दिवा एके सायंकाळीं बंद पडला. तोच दिवा स्वयंपाकघरांत लावतांच उजळला. म्हणजे दिवा निर्दोष होता. मग आमचा संशय वायरमनवर गेला. कांहीं दिवसांपूर्वीं त्यानें शेजारच्या खोलींत पंखा बसविला होता. त्या पंख्याचा या दिव्याशीं संबंध काय, हें न पाहतां आम्हीं त्याच्या मजुरीची उरलेली रक्कम अडवून धरली.

चार दिवसांनीं तो आला. पैशांचा विषय न काढतां त्यानें दिवा जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही तारांना टेस्टर लावला. दोन्हीकडे तो उजळला! विजेचा दाब दिव्यांतून पलीकडच्या टोकालाहि पोंचला होता. परंतु परतीची तार, जिला न्यूट्रल म्हणतात, ती वाटेंत कोठें तरी तुटल्यामुळें प्रवाह वाहूं शकत नव्हता.

नंतर त्यानें मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवले, त्या तारेचीं टोकें मोकळीं केलीं आणि मीटरनें प्रथम मधल्या जोडापर्यंतचा भाग तपासला. तो सलग निघाला. राहिलेल्या भागाचे पुन्हां दोन भाग केले. अशा रीतीनें आठ टप्प्यांची वाट असली तरी तीन तपासण्यांत दोषाचा टप्पा निश्चित होतो. परंतु या रीतीचें खरें सामर्थ्य गणितांत नसून निःपक्षपातांत आहे. जो भाग सलग ठरला, त्यावरील संशय त्याच क्षणीं सुटतो. आणि जो उरला, तो कोणाचाहि असो, तपासावाच लागतो.

शेवटीं उरली ती आमच्या तीर्थरूपांची तसबीर असलेली भिंत. “हा खिळा कोणी मारला, साहेब?” त्यानें विचारलें. तो सहा महिन्यांपूर्वीं आम्हींच मारला होता. त्यानें तार अर्धवट तुटली होती. उरलेल्या शिरा आतां सुटल्या होत्या.

याहून भयंकर गोष्ट पुढेंच होती. बटण चालू असतां अशा तुटलेल्या तारेच्या दिव्याकडील टोकावर २३० व्होल्टपर्यंत दाब उभा असूं शकतो. तें टोंक खिळ्याला टेकलें असतें, तर तसबिरीला हार घालणाऱ्या हातालाच धक्का बसता. दिवा विझला म्हणजे तार मेली, ही आमची दुसरी समजूतहि खोटी ठरली.

भिंत फोडण्यापेक्षां वरून पट्टी मारून नवी तार न्यावी, असें आम्हीं सुचविलें. त्यानें तें मान्य केलें. मात्र जुनी तार दोन्हीकडून सोडविल्यावांचून नव्हे. घरोघर भावाभावांत जें चालतें तें याच्या उलट. बोलणें तुटतें, तिसऱ्याच्या मध्यस्थीनें व्यवहार सुरू राहतो, आणि तुटलेलें टोंक आंत जिवंतच राहतें. किंवा समोरचा बोलेनासा झाला कीं आपण आवाज चढवितों. १८५८ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं घातलेली तार अस्पष्ट बोलूं लागली, तेव्हां व्हाइटहाउस या विद्युत्तज्ज्ञानें तिच्यावर सुमारें २,००० व्होल्टचा दाब घातला. आधींच दुबळी असलेली ती तार कांहीं आठवड्यांतच कायमची मुकी झाली.

मजुरी आम्हीं त्याच वेळीं पुरी दिली आणि क्षमाहि मागितली. त्यानें हंसून पैसे मोजले व खिशांत घातले. परंतु ते चार दिवस आम्हीं एका कष्टाळू मनुष्यास मनोमन अप्रामाणिक ठरविलें होतें, त्याची भरपाई रोकडीनें होत नाहीं. दिवा आतां लागतो. खिळाहि तेथेंच ठेवला आहे. तसबीर मात्र दुसऱ्या भिंतीवर लावली आहे.