करून दाखवा

इन्सुलिन डॉक्टर लिहून देतात, पण रोज टोचून घ्यायचे असते ते रुग्णाला. या दोहोंच्या मध्ये मधुमेह-शिक्षक परिचारिका उभी असते. १९२२ साली टोरांटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले. नुसते औषध पुरत नाही, हे बोस्टनचे डॉ. इलियट जोसलिन यांनी ओळखले आणि प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरी पाठवल्या.

शिकवणीची सुरुवात सिरिंजपासून होते. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट शरीरात जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवायची सवय आधी लावली जाते.

मग टोचायची जागा. रोज एकाच ठिकाणी टोचले की कातडीखाली गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्ण पुन्हा तिथेच टोचतो. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. साखर चढते, डोस वाढतो आणि बोल औषधाला लागतो. परिचारिकेने पोटावरून बोटे फिरवली की ती गाठ हाताला लागते.

पुढे घरच्या माणसांची शिकवणी. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. फ्रीज नसेल तिथे मातीच्या मडक्याचा गारवा इन्सुलिनला उपयोगी पडतो. रात्री झोपताना तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही.

‘समजलं का?’ असे विचारले की बहुतेक जण मान डोलावतात. ‘करून दाखवा’ म्हटले की चूक समोर येते. या कामाचे सारे मर्म तिथे आहे.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर पुढच्या तपासणीला बाटली आणि सिरिंज सोबत न्यावी आणि सिस्टरसमोर एकदा टोचून दाखवावे.